खंडेनवमीचा ज्वालामुखी

आधी आमच्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमचं सांगतो. त्या नसत्या तर नगरातलं माझं काम केव्हाच सुटलं असतं. मॅडम काष्टीच्या. रोज तिकडून येऊन-जाऊन करतात आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे त्यांची स्वतःचीच जागा कायम नाही. अशा माणसानं खरं तर मान खाली घालून यावं आणि मान खाली घालून जावं. मॅडमनी ते केलं नाही. त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं, आणि माझ्या हातून जे व्हायचं ते झाल्यावर सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

माझं गाव वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या पलीकडे. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती, हे एक कारण. वर्गात कोणी प्रश्न विचारला की माझ्या तोंडून आवाजच निघायचा नाही, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, पण कोणी विचारलं तर मी पहिलं सांगतो. पुढे रस्त्याच्या कामावर फिरत फिरत नगरला आलो. आमच्या मुकादमाच्या ओळखीनं ठेकेदारामार्फत कॉलेजात चिकटलो, भूगर्भशास्त्र विभागात परिचर म्हणून. परिचर हा कागदावरचा शब्द. पोरं मामा म्हणतात. माझ्याहून वयानं मोठे दिसणारे, दाढी राखलेले विद्यार्थीही मामा म्हणतात. काम म्हणजे लॅब उघडायची, झाडायची, दगडांचे नमुने धुऊन जागेवर ठेवायचे. दगड धुतो असं गावी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "शिकलेल्या लोकायचे दगड वेगळे असत असतील, बापा."

माझ्या जोडीला तात्या. विभागातले जुने शिपाई, पाथर्डीकडचे, निवृत्तीला टेकलेले, त्यामुळे कोणालाच न भिणारे. माझ्या तोंडून दर वाक्याला "जी" येतं, म्हणून तात्या पहिल्या दिवसापासून मला "नागपूरकर" म्हणतात. नागपूर माझ्या गावापासून बरंच लांब आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमाला हितून समदं एकच दिसतंय."

त्या वर्षी विभागात मोठी स्क्रीन आली. भिंतभर म्हणावी इतकी. तिला जोडलेल्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यात पृथ्वीवरचे खंड जुन्या काळात कुठे होते आणि सरकत सरकत इथे कसे आले, ते हलवून बघता यायचं. विभागप्रमुख सरांनी स्क्रीन लागली त्याच दिवशी मला बोलावलं.

"हिला बोट लागता कामा नये," ते म्हणाले. "ओलं फडकं नाही, कोरडं फडकं नाही, फुंकरसुद्धा नाही. पुसायचं कापड माझ्या कपाटात असेल. आधीच्या माणसानं प्रोजेक्टरची काच फिनेलनं पुसली. तो आता कुठं आहे माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"मलाही नाही," सर म्हणाले. "ठेकेदाराला मी फक्त एक फोन केला होता."

तेव्हापासून मी स्क्रीनसमोरून जातानाही हात मागे बांधून जायचो. गावी बायको आणि लेक माझ्या पगाराकडे डोळे लावून, आणि इथे एवढी मोठी काच माझ्याकडे डोळे लावून. झोपेतही ती स्क्रीन यायची, आणि झोपेत तिच्यावर बोटांचे ठसे असायचे.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी सगळीकडच्या कॉलेजांना कळवलं होतं की वापरताना कुठे अडखळायला होतं ते सांगा, आम्ही सुधारू. सर म्हणाले, अडखळायला काही होत नाही, उत्तम आहे, तसं कळवून टाका. मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्याला सवय झाली म्हणून होत नाही. ज्यानं कधीच बघितलं नाही अशा माणसाला बसवून बघू या."

"असा माणूस आणायचा कुठून?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी नमुने लावत होतो. माझ्या हातातला दगड तिथेच राहिला.

"मामा, बसा इथं."

"मी उभाच बरा आहे जी."

"उभ्यानं माऊस नाही चालत. बसा."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मी खुर्चीच्या टोकावर टेकलो. मॅडम म्हणाल्या, "तुमची परीक्षा नाहीये, या सॉफ्टवेअरची आहे. तुम्ही चुकलात तर नापास ते होणार." हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. शाळेत असं कोणी म्हटलं असतं तर मी निदान नववीपर्यंत गेलो असतो.

काम साधं होतं. भारत खाली आफ्रिकेजवळ होता, तिथून त्याला वर आणायचं. मी माऊस धरला आणि ओढला. भारत जागचा हलला नाही, आफ्रिका मात्र मधून फाटली. मी हात वर केले.

"मी नाही केलं जी!"

"तुम्हीच केलंत," मॅडम हसायला लागल्या. "छान केलंत. आता ती परत जोडा बघू."

जोडता येईना. आफ्रिकेचा एक तुकडा समुद्रात हिंडत होता आणि मी त्याच्यामागे. मग स्क्रीनवर एक पाटी आली. मी इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचतो. मॅडमनी अर्थ सांगितला, हे काम रद्द करायचं का, असं विचारतंय. खाली दोन बटणं, एक "ठीक" आणि एक "रद्द".

"आता रद्द करायचं असेल तर यातलं कोणतं दाबायचं जी?" मी विचारलं.

मॅडम स्क्रीनकडे वाकल्या. सर खुर्ची ओढून जवळ आले. दोघांनी त्या दोन बटणांकडे बघितलं. "साधं आहे," सर म्हणाले आणि त्यांनी एक दाबलं. आफ्रिका तशीच फाटकी राहिली आणि जगाचा अर्धा नकाशा गेला.

दाराशी उभे राहून तात्या म्हणाले, "नागपूरकराच्या हातून तुकडाच पडला हुता. सरांनी पार इस्कोट केला."

यानंतर मी जरा सैल झालो. मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेलो, त्या माझे शब्द तसेच टाईप करत गेल्या. मी म्हणालो, चुकल्यावर मागे यायला एक वाट हवी, जिथून आलो त्याच पावलांनी. मी म्हणालो, हे काम करत असतं तेव्हा गप्प बसतं, आणि ते गप्प बसलं की मला वाटतं आपण मोडलं. त्यानं सांगावं ना, थांबा, करतोय, भिऊ नका. "भिऊ नका" हे मॅडमनी दोनदा वाचलं आणि ठेवलं.

काळाच्या पट्टीवर मात्र आमचं भांडण झालं. खाली एक पट्टी होती, ती सरकवली की वर्षं सरकायची. मी नुसता स्पर्श केला आणि डायनासोर येऊन गेलेसुद्धा.

"एवढ्याशा ढकलण्यात किती वर्षं जातात जी?"

"काही कोटी."

"थोडी कमी नाही का करता येणार?"

"मामा, कोटीच्या खाली काही घडतच नाही यात."

तात्या आता आत येऊन उभे होते. त्यांनी पट्टीवरचा आकडा बघितला. तो कमी कमी होत येत होता. "ह्यो उतरायला का लागला?"

"आज म्हणजे शून्य, तात्या. मागं जाल तसा आकडा वाढतो."

"म्हंजी आपण शून्यावर हाय?"

"हो."

"बराबर हाय. किंमत बराबर केली," तात्या म्हणाले. मग त्यांना पाथर्डी बघायची होती. मॅडमनी समजावलं की तेव्हा गावं नव्हती. तात्यांना ते पटलं, पण पाथर्डीचा नकाशात शिरकाव नाही हे पटलं नाही. मी त्यांची बाजू घेतली. खरंच सांगतो, एवढ्या निळ्या-हिरव्यात आपण कुठे उभे आहोत तेच कळत नसेल तर खंड हलला काय आणि नाही काय. आपलं ठिकाण आधी टोचून ठेवता यायला हवं. मॅडमनी शोधून शोधून ती सोय काढली. ती होती, पण एका खिडकीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशी खोल पुरलेली. त्यांनी पाथर्डी टोचली, काष्टी टोचली, आणि विचारलं, तुमचं गाव? मी बोटानं लांबूनच दाखवलं.

मग पट्टी सरकवली. भारत निघाला. समुद्र ओलांडून वर, वर, आशियाला धडकून हिमालय उठेपर्यंत. आमची तिघांची टोचणं त्याच्या पाठीवर बसून आली. मी नीट बघत होतो. एवढी कोट्यवधी वर्षं, एवढा प्रवास, आणि नगर आणि माझं गाव यांच्यातलं अंतर एक बोटभरही कमी झालं नाही. संध्याकाळी हे मी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुमी दिवाळीले घरी या, मंग होईल कमी."

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढे नवरात्र आलं.

आमच्याकडे लॅबमध्ये खंडेनवमीला पूजा असते. त्या दिवशी कॉलेजला सुट्टीच, पण मी आणि तात्या येतो. हातोडे, छिन्न्या, दगड कापायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, सगळं पुसून मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी कुठल्याच यंत्राला काम सांगायचं नाही. सगळं झाल्यावर तात्या कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिले.

"हिचं काय?"

"तिला हात नाही लावायचा जी. सरांनी सांगितलंय."

"सगळ्यांस्नी लावलं. हातोड्याला लावलं. आन् एवढी मोठी, एवढी म्हागाची बाई कोरडी ठिवली. उद्या तिनं डोळं वटारलं मंग?"

ही भीती मला नवीन होती. आतापर्यंत मी हात लावल्यानं बिघडेल म्हणून भीत होतो. आता न लावल्यानं बिघडेल म्हणूनही भिऊ लागलो. भिणाऱ्या माणसाची अडचण अशी की त्याला दोन भीतींतली एक निवडता येत नाही. तो दोन्हींचं मन राखायला जातो. मी करंगळीशेजारच्या बोटावर ओलं कुंकू घेतलं, अगदी तिळाएवढं.

"कुठे लावू?"

"कपाळावर."

"हिचं कपाळ कोणतं?"

तात्यांनी मान तिरकी करून अंदाज घेतला. "मधुमध. जरा वर."

लावलं. बंद, काळ्या काचेवर ते दिसतही नव्हतं. तात्यांनी हात जोडले, मीही जोडले. मॅडम तर अष्टमीच्या आधीपासूनच रजा घेऊन काष्टीला घरी होत्या.

दसरा झाला. कॉलेज उघडलं त्याच दिवशी पुण्याहून पाहुणे यायचे होते. एक ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञ, आमच्या सरांचे गुरू, नवीन लॅब बघायला. मी सकाळी लवकर आलो, फुलं काढली, सगळं पुसलं, स्क्रीन सुरू केली. निळ्या समुद्राच्या मधोमध, जरा वर, लाल टिकली. सुकून घट्ट बसलेली.

पुसायचं कापड सरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. ओलं फडकं नाही, कोरडं फडकं नाही. फुंकरही मारायची नाही, पण ती मी मारली. काही झालं नाही. तात्यांना बोलावलं, तर ते म्हणाले, "देवाचं हाय, आपुआप जाईल." तेवढ्यात गाडी आली. मॅडमची एसटी नव्हती आली. सर पाहुण्यांना घेऊन आत आले आणि मी दगडांच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. ठेकेदाराचा फोन कोणत्या वेळी येतो, सकाळी की संध्याकाळी, एवढंच डोक्यात होतं.

सरांनी पट्टी सरकवली. भारत आफ्रिकेजवळून निघाला. वर येत येत तो बरोबर टिकलीच्या खालून जाऊ लागला. पाहुणे पुढे वाकले.

"अरे वा! हॉटस्पॉटसुद्धा दाखवलाय."

हॉटस्पॉट म्हणजे काय ते मला नंतर मॅडमनी सांगितलं. जमिनीखाली फार खोल एक तापलेली जागा असते. ती आपली जागा सोडत नाही, वरून खंड सरकत जातो, आणि जिथे भोक पडेल तिथून लाव्हा वर येतो. नगरचा सगळा काळा दगड तशाच एका जागेवरून भारत सरकला तेव्हा झाला. सरांना हे अर्थातच ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच की ही खूण सॉफ्टवेअरमध्ये कुठून आली. पण पाहुण्यांसमोर थांबायचं कसं?

"हो, हो," सर म्हणाले. "नवीन आवृत्तीत आलंय."

"थोडा उत्तरेला गेलाय."

"ते... कळवू आम्ही त्यांना."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन दाराबाहेर जाऊन खोकायला लागले. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी होतं हे मला त्या दिवशी कळलं. मॅडम धापा टाकत आत आल्या त्या याच वेळी. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

सरांनी नकाशा मोठा केला. भारत मोठा झाला, टिकली तेवढीच. पृथ्वी फिरवली. अमेरिका आली, टिकली तिथेच. सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांनी शेवटी सॉफ्टवेअरच बंद केलं. मागे आमच्या कॉलेजच्या दर्शनी भागाचा फोटो होता, आणि फाटकाच्या बरोबर वर तोच लाल ठिपका.

पाहुणे चष्मा काढून म्हणाले, "तुमचा ज्वालामुखी आता गेटवर आलाय की हो."

सर सावकाश माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. आठवीतही असंच व्हायचं.

"सर, ते कुंकू आहे," मॅडम म्हणाल्या. "खंडेनवमीचं. मी लावायला सांगितलं होतं."

"तुम्ही?"

"हो. या सॉफ्टवेअरमध्ये खंडाबरोबर न हलणारी खूणही ठेवता येते, पण ती सोय इतकी आत दडवलीय की मुलांना सापडतच नाही. म्हटलं, काचेवरच ठेवू." असं म्हणून त्या पुढे झाल्या, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं आणि पट्टी हळूहळू सरकवली. "आता बघा. टिकली जागेवर. वरून भारत चाललाय. इथे आला, इथे फुटलं, आणि आपण उभे आहोत तो दगड झाला. मुलांना हे फळ्यावर समजावताना माझा अख्खा तास जातो."

पाहुण्यांनी टिकलीखालून जाणारा भारत बघितला. मग हसले, मोठ्यानं, पोट धरून. "हे कळवा त्यांना," ते म्हणाले. "पहिली सूचना हीच. टिकली बाहेर हाताशी ठेवा म्हणावं."

"आमच्या विभागात असे प्रयोग चालूच असतात," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव परत आला होता. माझ्या नव्हता. पाहुणे आज ना उद्या जाणार होते, मला इथेच राहायचं होतं.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम नवमीला काष्टीला होत्या," ते म्हणाले. "त्यांची रजा मीच मंजूर केली होती."

मी खाली बघत होतो. फरशीही काळ्या दगडाचीच होती.

"कुंकू कोणी लावलं ते मी विचारत नाहीये. मॅडमनी सांगितलं आहे, आणि मॅडमचं म्हणणं मी खोटं पाडणार नाही. पुसणार कोण, ते विचारतोय." त्यांनी कपाट उघडून ते कापड माझ्यापुढे धरलं. "हलक्या हातानं. गोल गोल नाही, एका दिशेनं. आणि पुढच्या वर्षी स्क्रीनच्या चौकटीला लावत जा."

"हो जी."

"आणि त्या तात्यांना सांगा, खोकल्याचं औषध घ्या."

मी ते पुसलं. सरांनी सांगितलं तसं, एका दिशेनं. टिकली गेली. ठेकेदाराला फोन गेला नाही. माझं काम राहिलं, आणि स्क्रीन पुसायचं कामही आता माझ्याकडेच आलं. कपाटाची दुसरी किल्ली सरांनी स्वतः दिली.

सूचना गेल्या. सॉफ्टवेअरवाल्यांनी मॅडमना उत्तर पाठवलं की मागे जायची वाट करतो आहोत, त्या दोन बटणांची पाटी बदलली आहे, आणि न हलणारी खूण आता पहिल्याच पानावर ठेवतो आहोत. तिचा रंग कोणता हवा असंही त्यांनी विचारलं होतं. रंग तात्यांनी सांगितला. पाथर्डीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत, आणि तात्यांचा त्या कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही.

मी मॅडमना एकदा विचारलं, तुम्ही का घेतलं जी अंगावर? तुमची जागा तरी कुठे पक्की आहे? त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही बोलला असतात तर मी गप्प बसले असते. तुमच्या तोंडातून आवाजच येईना." आणि पुढची वही ओढली.

याची परतफेड मला करायची आहे. डोक्यात पक्कं आहे, पण वेळच येत नाही, कारण मॅडम चुकत नाहीत. मी लक्ष ठेवून असतो. नमुन्यांची चिठ्ठी कधी उलटी लागेल, कधी एखादी काच त्यांच्या हातून निसटेल, कधी त्या सरांच्या चहात मीठ घालतील. काही होत नाही. पण माणूसच आहे, आज ना उद्या काहीतरी सांडेल, फुटेल, बिघडेल. मॅडम, त्या दिवशी तुम्ही फक्त गप्प बसा. आवाज मी काढीन. सरांसमोर उभा राहून, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन की हे मी केलं जी.